एकतिसावी ओळ

चाळीस वर्षं मी नाटकांचे दिवे सांभाळले ते कानानं. अक्षर येत नव्हतं. नट कुठल्या वाक्याला थांबतो, नटी कधी श्वास घेते, ते ऐकायचं आणि बटण दाबायचं. साठी उलटल्यावर सूनबाईनं स्वयंपाकघरात बसवून मला बाराखडी गिरवायला लावली. "बाबा, आता बसवरची पाटी वाचायला मला सोबत न्यायचं नाही," म्हणाली.

मग हे नाटक आलं. म्हातारी आई खिडकीत दिवा लावून हरवलेल्या मुलासाठी प्रार्थना करते, शिकलेली मुलगी तिला हसते. आई जाते, दिवा विझतो. शेवटी मुलगी रिकाम्या खोलीला विचारते, "आहे का कुणी?" आणि पूर्ण अंधार. उत्तर नाही. ज्यानं त्यानं घरी जाऊन ठरवायचं.

दिग्दर्शिका माझ्या मुलीच्या वयाची. तिनं दिव्यांचं सगळं काम आकडे घालून कागदावर लिहून दिलं. मला त्याची गरज नव्हती, नाटक पाठ होतं. पण मी चष्मा लावून सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. "वा काका," ती म्हणाली, आणि माझी छाती फुगली. तेव्हापासून मी ओळीखाली बोट धरून प्रयोग करू लागलो.

तिसऱ्या प्रयोगाला नाटकातल्या मुलीनं शेवटचा प्रश्न विचारला तेव्हा बोट दोन ओळी वर सरकलेलं होतं. तेहेतिसाव्या ओळीत अंधार होता, एकतिसाव्या ओळीत खिडकीतला दिवा. कान सांगत होता, अंधार कर. पण कागदापुढे कान गप्प बसला. मी दिवा लावला.

सगळं सभागृह श्वास रोखून बसलं.

"काका, दिवा कसा लागला?" दिग्दर्शिकेनं विचारलं.

"वायर ढिली असेल," मी म्हणालो. वायरमननं दुसऱ्या दिवशी सगळी पेटी खोलली, त्याला काही सापडलं नाही, आणि बोलणी मात्र त्यानं खाल्ली.

त्याच दिवशी नाट्यगृहाच्या जिन्यात आदल्या प्रयोगाला आलेली एक बाई थांबली होती. पन्नाशीची, हातात दवाखान्याची फाइल. "दिवे तुम्हीच बघता ना, काका? तो दिवा फार वेळेवर लागला."

मी हसलो.

"माझ्या भावाच्या पोटात गाठ आहे. डॉक्टर म्हणतात, आठवडा घालवू नका, कापायला हवी. भाऊ म्हणतो, ताई ठरवेल. मला भीती वाटते. आत बसून मनातल्या मनात विचारलं, थांबू का? आणि दिवा लागला. आता मी हो म्हणत नाही."

तेव्हाच बोलायला हवं होतं. तिचा चेहरा इतका सैल झाला होता की जीभ उचलेना, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. म्हाताऱ्याला वाचता येत नाही असं लोक म्हणतील, याची लाज.

घरी जेवण जाईना. सूनबाई म्हणाली, "मीठ कमी आहे का?" मी म्हटलं, मीठ बरोबर आहे.

चौथ्या दिवशी पुढच्या प्रयोगाचं तिकीट काढायला ती दुपारीच आली. मी तिला वर माझ्या दिव्यांच्या खोलीत नेलं. खाली रंगमंच रिकामा होता. "हे बटण दाबा," म्हणालो.

तिनं दाबलं. खिडकीत दिवा लागला. सोडलं, विझला. पुन्हा दाबलं. बराच वेळ ती त्या खिडकीकडे बघत राहिली.

"त्या दिवशी तुम्ही दाबलंत?"

"चुकून. ओळ चुकली माझी."

"मग जिन्यात का नाही बोललात?"

"लाज वाटली."

"माझा भाऊ चार दिवस कळा काढतोय, काका. मी त्याला सांगते, थांब, बरं होणार आहे. आणि तुम्हाला लाज वाटत होती."

तिनं तिथंच उभं राहून डॉक्टरांना फोन लावला. संध्याकाळीच ऑपरेशनला घेतो, पण आता खात्री देत नाही, असं ते म्हणाले. जाताना मी माझा नंबर चिठ्ठीवर लिहून दिला, म्हणालो, काय होईल ते कळवा. तिनं चिठ्ठी घेतली. कळवीन म्हणाली नाही.

मग मी खाली जाऊन दिग्दर्शिकेला खरं सांगितलं. वायरमनचीही माफी मागितली. तो म्हणाला, "सोडा हो काका," पण चहाला थांबला नाही.

संध्याकाळी कागद घडी करून खिशात ठेवला आणि कानानं प्रयोग केला. "आहे का कुणी?" मुलीनं विचारलं, मी अंधार केला. प्रयोगाला फोन बंद ठेवा, हे इतकी वर्षं मीच सगळ्यांना दटावत आलो. त्या अंधारात माझा फोन बटणांशेजारी पालथा पडला होता, चालू. मी त्याच्यावर हात ठेवून बसलो. तो वाजला नाही.