गलबत वाढवतत

मालवणच्या बाजारपेठेत आबा मोंडकरांचं खेळण्यांचं दुकान आहे. आबांचा थोरला मुलगा गुरुदास पर्यटकांना होडीतून किल्ल्यावर न्यायचा आणि धाकटा रविराज जहाजावर नोकरीला. त्यामुळे दुकान चालायचं ते दोघी सुनांच्या जिवावर. थोरली सावित्री, धाकटी जान्हवी. या दुकानात सगळं मिळायचं, फक्त एक शब्द काढायला मनाई होती. तो शब्द म्हणजे 'बंद'.

बंद म्हणणं अशुभ, म्हणून इथे दुकान बंद करत नसत, वाढवत. सावित्री नवी नवरी असताना एकदा चुकून 'दुकान बंद करूया' म्हणाली, तर आबांनी तिला अशी फैलावर घेतली की त्या दिवशी तिला घास उतरला नाही. तेव्हापासून संध्याकाळी शटर ओढण्याआधी 'दुकान वाढवूया' म्हणायचं काम तिचंच. रोज ती ते अगदी ठसक्यात म्हणायची आणि मगच शटरला हात घालायची.

दुकानात एक कपाट होतं परदेशी कंपनीच्या ठोकळ्यांच्या संचांचं. ठोकळे जोडून किल्ला करा, दीपस्तंभ करा, शिडाचं गलबत करा. पोरांसाठी म्हणून आणलेला माल, पण जीव जडला तो बाप्यांचा. कंपनी एखादा संच काही वर्षं बनवते आणि मग कायमचा थांबवते. थांबला की ज्याच्या घरी त्याचा न फोडलेला डबा असेल त्याची कॉलर ताठ. म्हणून प्रत्येकाला आधी कळायला हवं असायचं, की पुढचा नंबर कोणाचा?

आणि ते सावित्रीला कळायचं. कोल्हापूरचा एजंट एखाद्या संचाची नको तेवढी तारीफ करू लागला की ती ओळखायची, याचे दिवस भरले. कुडाळचे दातांचे डॉक्टर पराडकर तर म्हणायचे, "सावित्रीवहिनी म्हणाल्या ना, मग घ्या." हे वाक्य तिने कितीतरी वर्षं खाल्लं, प्यायलं, उशाशी घेऊन झोपली. होडीवाल्याच्या बायकोला डॉक्टर मान देतो, हे काय थोडं झालं?

मग जान्हवी आली. वैभववाडीकडच्या काजूवाल्या शेतकऱ्याची पोर, कणकवलीला कॉम्प्युटर शिकलेली. आल्या आल्या तिने मागच्या खोलीत कॉम्प्युटर मांडला. वीज असली की त्यात डोकं घालून बसायची आणि नसली की फोन कानाला. कुठल्या देशात कुठला डबा मिळेनासा झालाय ते बघून सांगायची, "दीपस्तंभ गेलो बघा." आणि दीपस्तंभ खरंच जायचा. सावित्रीचं दहातलं सात बरोबर, हिचं दहातलं दहा. एक दिवस डॉक्टर पायरीवरूनच विचारते झाले, "धाकट्या वहिनी आहेत का?"

सावित्रीच्या अंगाचा तिळपापड झाला. हातातलं फडकं तिने त्या दिवशी काचेवर इतकं घासलं की काचेलाच दया यावी.

त्यात ही बया दुकानात खुशाल 'बंद, बंद' करत हिंडायची आणि आबा नुसते हसायचे. म्हणजे आपण एकदा बोललो तर उपास आणि हिचं सगळं गोड! शेवटी श्रावणात सावित्रीने आबांच्या कानावर घातलंच. आबांनी धाकटीला बोलावून समज दिली, "बाये, आमच्या दुकानात बंद म्हणनत नाय. वाढवला म्हणूचा." जान्हवी म्हणाली, "बरां." ना राग, ना रुसवा. सावित्रीला वाटलं होतं, निदान नाक तरी फुगवेल.

गणपती गेले आणि आबांनी जाहीर केलं, "माझे गुडघे गेले. दसऱ्याक गल्ल्याची चावी एकीकडे देतलंय."

एकीकडे! म्हणजे थोरलीकडे नव्हे, एकीकडे. चावी धाकटीच्या कमरेला लागली, तर उद्यापासून आपण या दुकानात कोण? डबे पुसणारी? सावित्रीच्या पोटात खड्डा पडला आणि त्या खड्ड्यात जान्हवीला ढकलावी असंही तिला वाटलं, खोटं कशाला सांगा.

त्याच आठवड्यात दुपारी वीज गेली. जान्हवी मागच्या खोलीत फोनवर एजंटशी बोलत होती. सावित्री पाण्याचा तांब्या घेऊन चालली होती, ती दाराशी थबकली.

"गलबत वाढवतत? खरां सांगतास? मगे बरां झाला, माका आधीच कळला."

गलबत वाढवतात! म्हणजे गलबत थांबणार. सगळ्यांच्या मनातला संच तो. आणि बघा, बोलायला कशी शिकली, आपल्या तक्रारीने सुधारली मेली.

दुसऱ्याच दिवशी वैभववाडीहून निरोप आला, जान्हवीचे वडील झाडावरून पडले, पाय मोडला. ती लगबगीने माहेरी गेली. सावित्रीने मनात त्या झाडाला नमस्कार केला, मग स्वतःचीच लाज वाटून तोंडात मारून घेतल्यासारखं केलं. पण संधी ती संधीच. तिने एजंटाला फोन करून त्याच्याकडची होती नव्हती तेवढी गलबतं मागवली. का, कशासाठी, एक प्रश्न विचारला नाही. विचारायची तिची रीतच नव्हती. डॉक्टरांना तिने सांगितलं, "गलबत गेलंच समजा. पुढच्या वर्षी बघायलाही मिळणार नाही." डॉक्टरांनी चार मित्रांना सांगितलं, मित्रांनी आणखी कोणाला. सगळे पुन्हा म्हणू लागले, "सावित्रीवहिनी म्हणाल्या ना!" ते दिवस तिचे फार सुखाचे गेले.

दसऱ्याच्या सकाळी जान्हवी परतली. दुकानात छपरापर्यंत गलबतं रचलेली बघून ती उंबऱ्यातच उभी राहिली. पूजा मांडलेली, आबा गल्ल्यापाशी, समोर झेंडूच्या माळेत चावी. तेवढ्यात डॉक्टर आले, ते सोनं द्यायला नव्हे.

"काय हो हे? गलबत थांबणार म्हणालात. माझा पुतण्या सांगतो, कंपनी उलट दुप्पट काढतेय, खोकासुद्धा नवा आणलाय. मी मित्रांना तोंड कसं दाखवू?"

सावित्री छपरापर्यंतच्या गलबतांकडे बघू लागली. वाढवतात म्हणजे... वाढवतात? नुसतं, शेतकरी पीक वाढवतो तसं, साधं वाढवतात?

ती तोंड उघडणार, तोच जान्हवी पुढे झाली. "डॉक्टर, चूक माझी. मीच वहिनींना तसं सांगितलं होतं."

डॉक्टर लगेच मऊ झाले. "असं होय. चालायचंच, तुमचं सहसा चुकत नाही."

सावित्रीच्या मस्तकात तिडीक गेली. डॉक्टर नेला, मान नेला, आता चूकसुद्धा नेतेय! बरं, तिच्या हातात गेली की चूकही कशी शोभून दिसते.

"नाही!" ती ओरडली. "चूक माझी आहे. हिने मला काही सांगितलेलं नाही!"

डॉक्टर बघतच राहिले. काय मोठं मन, असं त्यांच्या चेहऱ्यावर उमटलं. मोठं कसलं! मत्सराने फुटत होती ती. पण आबा दुकानदार माणूस. त्यांनी शांतपणे विचारलं, "मगे तुका कळला खंयसून गो?"

आता मागे फिरायला वाट नव्हती. "फोनात," सावित्री पुटपुटली. "ही बोलत होती. वाढवतत म्हणाली. मी दाराशी होतंय."

जान्हवीने तिच्याकडे बघितलं, त्या नजरेत राग असता तर फार बरं झालं असतं.

"वैनी, माका इचारलां असतास तर मी सांगितलां असतां. तुमका काय नाय सांगूचा आसा?"

खरंच सांगितलं असतं तिने. तीन वर्षांत सावित्रीने तिला एकदाही काही विचारलं नव्हतं, आणि आत्ता, सगळ्यांदेखत, हे तिला पहिल्यांदा दिसलं. दिसून राग कमी झाला म्हणाल, तर तसंही नाही.

आबांनी माळेतून चावी सोडवली. सावित्रीचा हात नकळत पुढे झाला. आबांनी चावी जान्हवीला दिली. "घरच्या माणसाक इचारूचा सोडून दारामागे रवणारा माणूस गल्ल्यावर नको," एवढंच म्हणाले आणि नारळाकडे वळले.

दिवसभर सणाचं गिऱ्हाईक होतं. सावित्रीने गलबतं पुसली, मोजून दिली. दिवेलागणीला तिने सवयीने पायरीवरचे चेंडू आत घेतले, शटरची काठी हातात घेतली आणि तोंड उघडलं.

पण जान्हवी गल्ल्याला कुलूप लावून आधीच बाहेर आली होती. तिने चावी कमरेला खोवली, दुकानाला नमस्कार केला आणि अगदी आदराने, आपल्याला नीट शिकवलंय तसं, म्हणाली, "चला वैनी, दुकान वाढवूया."

तेवढा एक शब्द सावित्रीचा राहिला होता. तिने काठी अडकवली आणि शटर खाली ओढलं.