गंगेवर बावीस वर्षं

"बावीस वर्षं गंगेवर काढली म्हणे, आणि लेकाकडं येताना एक गडू काही आणवला नाही."

रेखाच्या सासूबाईंनी, यमुनाकाकूंनी हे अगदी हळू म्हटलं होतं. पण हॉलच्या स्वयंपाकघराला हॉलकडं उघडणारी खिडकी होती, आणि खिडकीच्या अलीकडं आशा पोह्यांवर खोबरं पेरत उभी होती. मध्ये फक्त लाकडी झडप, तीही अर्धी उघडी. आशाचा हात थांबला नाही. एका जागी मात्र खोबऱ्याचा ढीग झाला.

"आई, विमानातून कुठं पाणी आणतील ते," रेखाचा आवाज आला. "आणि आता ते नागपूरला असतात."

"ज्याला आणायचं तो कुठूनही आणतो. मी नाही आणला पुण्याहून? चांगला सीलबंद."

यावर रेखा काय म्हणाली ते आशाला ऐकू आलं नाही. ऐकू न येणारंच तिला जास्त टोचलं.

नव्वद सालचा फेब्रुवारी होता. रीडिंगच्या मराठी मंडळानं रविवारी दुपारी भाड्यानं घेतलेला तो चर्चचा हॉल. हीटर लावला की घुमायचा, बंद केला की सगळे कोट घालून बसायचे. रेखाचा नवरा शशिकांत आगाशे मंडळाचा सेक्रेटरी. नोटिशीची फोटोकॉपी त्यानं घरोघरी पाठवली होती: 'गंगा नदी : भूगोल, इतिहास आणि उपयोग. वक्ते : श्री. यादवराव मोरे.' यादवराव म्हणजे आशाचे सासरे, नोव्हेंबरात आलेले. बिहारात एका लहान गावी, सरकारी पाणी-खात्यात, गंगेची पातळी मोजायची त्यांची नोकरी होती. पट्टी वाचायची, आकडा लिहायचा, पुढं कळवायचा. पावसाळ्यात दर तासाला. हे शशिकांतला आशाच्या नवऱ्यानं, उदयनं बोलता बोलता सांगितलं, आणि शशिकांतनं तिथंच तारीख ठरवली. उदयला नाही म्हणता येत नाही. एवढा एक दुर्गुण पदरात घेऊन आशानं त्याच्याशी पंधरा वर्षं संसार केला होता.

"नाही म्हणायला काय झालं होतं?" ती त्या रात्री म्हणाली होती.

"नदीवर तर बोलायचं आहे. नदीत काय आहे?"

"नदीतच आहे सगळं."

रीडिंगला येऊन त्यांना तेरा वर्षं झाली होती. तेवढ्यात आशा कुणाशी एकदाही खोटं बोलली नव्हती. विचारलं नाही ते सांगितलं नाही, एवढंच. लोक विचारत नव्हते असं नाही. नेमकं तेवढं सोडून सगळं विचारायचे. मोरे म्हणजे जावळीचे का? नाही, नागपूरकडचे. कुलदैवत कोणतं? आमच्याकडं फारसं काही करत नाहीत. लग्न तिकडच्या पद्धतीनं झालं असेल ना? हो, तिकडच्याच. उत्तरं सगळी खरी होती. ती देताना आपण दर वेळी एक पायरी मागं सरकतो हेही तिला कळायचं. 'काहून' जाऊन जिभेवर 'कशाला' कधी आलं ते मात्र तिला कळलं नव्हतं.

यादवराव आले त्या दिवशी त्यांनी पुढच्या खोलीच्या चारही भिंती पाहिल्या होत्या. निळा कोट, चष्मा, हातात पुस्तक असा जो फोटो नागपूरच्या घरी दारातून शिरताच दिसायचा, तो इथं माडीवर झोपायच्या खोलीत होता. दुसऱ्या दिवसापासून सकाळी अंघोळ झाली की गुडघे धरत तेरा पायऱ्या चढायचे, दोन मिनिटं उभे राहायचे आणि उतरायचे. आशा खाली टोस्टला लोणी लावत पावलं ऐकायची.

मग माकडटोपी घालून ते थेम्सवर जायचे. कॅव्हरशॅमच्या लॉकजवळ, नावा वरखाली करायच्या पाण्याच्या दरवाजांपाशी, पाण्यात उभी पट्टी रोवलेली होती. पहिल्या दिवशी ती त्यांना दिसली तेव्हा जुना सोबती भेटल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. रोज आकडा वहीत लिहून आणायचे. आठवडाभरात लॉकवरच्या गोऱ्या माणसाला या म्हाताऱ्याचा संशय आला. हा रोज येऊन काय लिहून नेतो? यादवरावांनी वही उघडून दाखवली. त्यानं आपली आणून शेजारी ठेवली. आकडे जुळले. तेव्हापासून तो त्यांना फ्लास्कमधला चहा द्यायचा. दोघांना एकमेकांचं एक अक्षर कळत नव्हतं, आणि कुणालाच काही लपवायचं नव्हतं. आशाला त्या दोघांचा चक्क हेवा वाटला होता.

कारण तिचं सगळं रेखावर उभं होतं. आशा विमा कंपनीच्या ऑफिसात पाच वाजेपर्यंत असायची. साडेतीनला नऊ वर्षांच्या मिनलला शाळेतून रेखा आणायची. तिच्या घरी मिनल खायची, पाढे म्हणायची, सोफ्यावर झोपायची, आणि सहाला आशा तिला न्यायला गेली की "मी मावशीकडं राहतो" म्हणायची. रेखा तिला पोरीनं 'राहते' म्हणायचं असतं हे पुनःपुन्हा शिकवायची. चार वर्षं हे चाललं होतं. यात पैशाची गोष्ट कधी निघाली नव्हती. रेखासारखी मैत्रीण आशाला नागपुरातही मिळाली नव्हती.

आणि या बुधवारी, दारात मिनलच्या कोटाची बटणं लावताना रेखा म्हणाली होती, "सासूबाई मे महिन्यापर्यंत आहेत गं. मिनलचं जरा बघायला लागेल आपल्याला."

बघायला लागेल म्हणजे काय? चार दिवस आशा ते वाक्य उलटसुलट करत होती. यमुनाकाकू येऊन दोन आठवडे झाले होते. पहिल्याच भेटीत त्यांनी आशाला शेजारी बसवून, पाठीवर हात ठेवून, अतिशय प्रेमानं विचारलं होतं, "नागपूरच्या आधी कुठले गं तुम्ही?" विचारून घ्यावं रेखाला, असं आशाच्या चारदा मनात आलं. चारही वेळा तिनं फोनवर वांग्याच्या भावाची चौकशी केली.

सकाळी निघताना यादवरावांच्या मफलरची गाठ नीट करत ती म्हणाली होती, "मामाजी, भाषणात नदीचंच बोला हं."

त्यांनी तिच्याकडं पाहिलं. "नदीचंच बोलणार बाई. मला दुसरं येते काय?"

आता ते हॉलच्या टोकाला उभे होते. भिंतीला तपकिरी कागद चिकटवून त्यावर त्यांनी मिनलच्या स्केचपेननं एका दमात गंगा काढली होती, हिमालयापासून समुद्रापर्यंत, कुठंही न खोडता. पस्तीसेक माणसं. पुढच्या रांगेत शालीत यमुनाकाकू, शेजारी रेखा. आशा खिडकीतून बघत होती.

"गंगा उगमाला गंगा नसते," यादवराव म्हणाले. "वर ती भागीरथी. देवप्रयागला अलकनंदा मिळाली, की मग गंगा. हरिद्वारला डोंगरातून सुटली रे सुटली, की तिला कालव्यात वळवली इंग्रजानं. अठराशे चोपन्न साल. उन्हाळ्यात पाहाल तर नदीत कमी आणि कालव्यात जास्त पाणी. पुढं अलाहाबादला यमुना मिळते."

"आल्या बघा आई," शशिकांत म्हणाला. हॉल हसला.

"नुसती मिळत नाही जी. गंगेपेक्षा जास्त पाणी घेऊन येते. नाव मात्र गंगेचंच राहते."

"ऐकलंस का रेखा?" यमुनाकाकू म्हणाल्या, आणि पुन्हा हशा पिकला. आशाचे खांदे किंचित सैल झाले. छान चाललं होतं. त्यांनी सोन सांगितली, घागरा, गंडक, आणि दर काही वर्षांनी घर बदलणारी कोसी सांगितली. पुरात बादलीभर पाणी घेऊन रात्रभर ठेवलं तर तळाशी जाड सायीसारखा गाळ बसतो, आणि त्या सायीवरच सगळा बिहार जेवतो, असं म्हणाले. आकडे त्यांना कागद न बघता येत होते.

मग उपयोग. शेती, नावा, मासळी. धोबी. कातडी धुणारे कारखाने. "आणि मढी. लाकडाला पैसे नसले की तसंच सोडतात. पट्टीला अडकलं, तर बांबूनं सोडवायचं, मग आकडा घ्यायचा."

शशिकांत खाकरला. "मुलं आहेत, काका. आणि पावित्र्याचं काही सांगा ना. तो मोठा उपयोग राहिला."

"ते मोजायची पट्टी खात्यानं दिली नव्हती," यादवराव म्हणाले.

काही जण हसले. सगळे नाही. पुढच्या रांगेतल्या शालीची हालचाल आशाला दिसली.

"मी विचारू का एक?" यमुनाकाकूंचा आवाज गोड होता. "एवढ्या वर्षांत स्नान किती वेळा घडलं हो तुम्हाला? आम्ही मेलं आयुष्यात एकदा जातो."

"एकदाही नाही," यादवराव म्हणाले.

हीटर घुमत होता. कुणीतरी खुर्ची सरकवली.

"दारात गंगा, आणि एकदाही नाही? असं कसं?"

"ड्यूटी असेल गं आई, चोवीस तासांची," शशिकांत घाईनं म्हणाला.

"नोकरीवरचा माणूस काय अंघोळ करत नाही?" काकू म्हणाल्या. त्यांची नजर यादवरावांच्या चेहऱ्यावरून हळूहळू उतरली, मफलर, कोट, बूट. काहीतरी हरवलेलं शोधावं तशी.

यादवरावांनी तोंड उघडलं. त्यांना उत्तर शोधावं लागणार नव्हतं, हे आशाला ठाऊक होतं. ते तीस वर्षं तयार होतं. तेवढ्यात मधल्या रांगेतून उदय उठला.

"बाबांना पोहता येत नाही," तो हसत म्हणाला. "पाण्याची भीती वाटते त्यांना. सांगायला लाजतात."

हॉल मोकळेपणी हसला. अगदी हवं तसं उत्तर. यादवराव लेकाकडं बघत राहिले. मग त्यांची नजर रांगांवरून खिडकीकडं आली, आशापाशी क्षणभर थांबली.

एकाहत्तरच्या पुरात पट्टी वाहून गेली, तेव्हा कमरेला दोर बांधून याच माणसानं मधल्या खांबापर्यंत पोहत जाऊन नवी पट्टी ठोकली होती. खात्याचं प्रशस्तिपत्रक नागपूरच्या घरी काचेत होतं.

"हो," यादवराव म्हणाले. "पोहता येत नाही."

टाळ्या झाल्या. ते भिंतीकडं वळले आणि कागदाची चिकटपट्टी सोडवायला लागले. नखं लागत नव्हती.

तिनं चहाचे पेले ट्रेमध्ये मांडले. अठरा मावायचे, तिनं मोजून अठरा ठेवले, कारण मोजण्यात थोडा वेळ गेला. ती बाहेर आली तेव्हा पुढच्या रांगेपाशी शशिकांत, रेखा आणि उदय उभे होते. काकू बसल्या होत्या.

"ये गं आशा," काकू म्हणाल्या. "मी म्हणत होते, पाण्याला भिणारा माणूस सरकारनं नदीवर बावीस वर्षं ठेवला कसा? मला आपलं नवल वाटतं."

"काकू, चहा घ्या," उदय म्हणाला. "निवतोय."

"आई, पुरे ना आता," रेखा म्हणाली.

ती आशाकडं बघत नव्हती. चार वर्षांत हजार वेळा दारात उभं राहून जिनं डोळ्यात डोळे घालून गप्पा मारल्या, ती जमिनीवरच्या फळ्या न्याहाळत होती. शशिकांत घड्याळ बघत होता. आणि आशाला एकदम स्वच्छ दिसलं: यांना माहीत आहे. आजपासून नाही, कधीचंच. तेरा वर्षं ती जे झाकत होती ते हेही सगळे मिळून, सभ्यपणानं, तिच्या बरोबरीनं झाकत होते. त्यात दया किती, आणि किळस किती, हे मात्र दिसत नव्हतं.

मागं कागद टरकन फाटल्याचा आवाज झाला. यादवराव अर्धी गंगा हातात घेऊन उभे होते.

आशानं ट्रे खुर्चीवर ठेवला.

"येतं त्यांना पोहता, काकू," ती म्हणाली. "आपल्या सगळ्यांपेक्षा चांगलं येतं."

"आशा," उदय हळूच म्हणाला.

"छप्पन्नच्या आधी त्यांना घाटाच्या पायऱ्या उतरू देत नव्हते. धोब्यांच्या बाजूनं नावेतून जाऊन पट्टी वाचायचे. छप्पन्ननंतर त्यांना उतरायचं नव्हतं." तिचा आवाज चढला नव्हता, विम्याच्या ऑफिसात फोनवर पत्ता सांगावा तसा तो होता. शेवटच्या रांगेतलं बोलणं थांबलं. "आम्ही महार, काकू. छप्पन्न सालापासून बौद्ध. मोरे त्यातलेच."

मग ती रेखाकडं वळली.

"उद्या सोमवार आहे. साडेतीनला मिनलला आणायला जाशील की नाही, ते आत्ता सांग. माझ्याकडं बघून सांग."