तिसऱ्या पिनेवरची खूण

तपासनीस निवृत्त झाले ते फक्त ऑफिसातून. जन्मभर दुसऱ्यांच्या हिशेबात खोट शोधून नजर एकदा तिरकी झाली की ती पेन्शन सुरू झाली म्हणून सरळ होत नाही. या नजरेपायी घरी येणाऱ्यांची यादी आपोआप आखूड होत गेली होती. धाकटा भाऊ वाटणीतल्या एका कपाटावरून तुटला, शेजारी पाण्याच्या मीटरवरून. जुना मित्र तर बुद्धिबळाच्या पटावरून उठून गेला. आपण पाणी प्यायला आत गेलो असताना त्याने घोडा सरकवला, याबद्दल तपासनिसांच्या मनात आजही शंका नव्हती.

उरला होता तो एक साडू. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्याचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. रोज शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून जिवंत परत यायचं, म्हणजे कातडी जाडच लागते. तपासनिसांचे टोमणे तो शिकाऊ गाडीच्या धक्क्यांसारखे सोसायचा आणि दर सुट्टीला न चुकता यायचा, कारण दोघांनी मिळून तपासनिसांच्या जुन्या गाडीचं इंजिन घरच्या शेडमध्ये खोललं होतं.

"हे एवढं एक माणूस आपल्याकडे येतं," बायकोने बजावून ठेवलं होतं. "यांनाही पळवून लावलंत, तर मग भिंतींवर संशय घेत बसा."

सुट्टीच्या दिवशी साडूला यायला जरा उशीर झाला की फाटकापाशी चार वेळा कोण जाऊन यायचं, हे तिला ठाऊक होतं.

इंजिनात ठकठक होती. खोलल्यावर कारण हाताला लागलं. पिस्टनचं वरखाली होणं गोल फिरण्यात बदलणारा तो जाडजूड, कोपरे काढलेला दंड, क्रँकशाफ्ट, झिजला होता. त्यातही तिसरी पिन, म्हणजे पिस्टनचा दांडा जिथे बसतो तो गोल भाग, पार गेलेली. नख ओढलं तर ओरखड्यांत अडकत होतं, आणि मायक्रोमीटर लावला तर एका बाजूने एक माप, दुसऱ्या बाजूने दुसरंच.

"लंबुळकी झालीय," साडू म्हणाला. "सगळ्या पिना घासून गोल करून घ्यायच्या आणि मग त्या मापाची जाड बेअरिंगं टाकायची. माझ्या ओळखीचा ग्राइंडरवाला आहे."

तपासनिसांनी मान डोलावली, पण 'ओळखीचा' हा शब्द त्यांच्या दाढेत अडकला. ओळखीचा चोर जिवे न सोडी! या जुन्या गाडीचा शाफ्ट आता कुठे मिळतो? त्याने आपला ठेवून घेतला आणि कुणाचा तरी तडा गेलेला, पॉलिश मारून हातात दिला तर? साडूचं काय, तो भोळा. किंवा भोळा नसेलही.

दुसऱ्या दिवशी साडू शाफ्ट न्यायला येणार होता. त्याआधी शेडचं दार आतून लावून तपासनिसांनी टोकदार सळईने शाफ्टवर एक बारीक फुली ओढली. कुठे ओढायची यावर बराच विचार केला. बाहेरच्या जागी काढावी तर चोराला दिसणार, तो कानशीने उडवणार. तेव्हा ती तिसऱ्या पिनेवर, ओरखड्यांच्या गर्दीत काढली. जंगलात झाड लपवल्यासारखी. स्वतःवर खूश होऊन त्यांनी त्या दिवशी चहा दोनदा मागितला.

साडू शाफ्ट घेऊन गेला. 'संध्याकाळपर्यंत आणतो' म्हणाला होता. आला दुसऱ्या दिवशी दुपारी.

"उशीर?"

"अहो, गाडीत होता. वाटेत जरा काम निघालं."

"कसलं काम?"

"असंच," साडू म्हणाला आणि उगाच बूट पुसू लागला.

असंच! पंचवीस ऑफिसांतल्या कारकुनांनी त्यांना हेच उत्तर दिलं होतं, आणि 'असंच'च्या मागे दर वेळी काहीतरी निघालं होतं. त्यांनी शाफ्टवरचा तेलाचा कागद सोडला. पिना आरशासारख्या चमकत होत्या. तिसरी पिन त्यांनी उजेडात धरली, फिरवली, भिंग लावलं, परत फिरवली. फुली नव्हती.

"साडूभाऊ," ते थंडपणे म्हणाले, "हा माझा शाफ्ट नाही."

"म्हणजे?"

"मी खूण केली होती. ती यावर नाही. रात्रभर हा कुठे होता, ते तुम्ही सांगत नाही. तुम्ही आणि तुमचा तो ओळखीचा, दोघांनी मिळून काय केलंत ते तुमचं तुम्हाला ठाऊक."

साडूच्या चेहऱ्यावरचं हसू आधी तसंच राहिलं, कारण त्याला ती थट्टा वाटली. मग ते हळूहळू उतरलं. हातातलं फडकं त्याने घडी करून बाकड्यावर ठेवलं.

"ताईंना सांगा, चहा नको," तो म्हणाला आणि गेला.

ताई दारातच उभी होती. तिला सांगावं लागलं नाही.

"काय शोधलंत आज?"

तपासनिसांनी सगळं क्रमवार मांडलं. उशीर, 'असंच', बूट पुसणं आणि गायब झालेली फुली. पुरावा असा की वरच्या साहेबानेही सही केली असती.

"फुली कुठे काढली होती?"

"तिसऱ्या पिनेवर. ओरखड्यांत. कुणाला दिसू नये म्हणून."

"जी पिन घासायला पाठवली, तिच्यावर?"

तपासनिसांनी शाफ्टकडे असं बघितलं, जणू चूक त्यानेच सांगायला हवी होती.

"बरं, ते असू दे," ते शेवटी म्हणाले. "पण रात्रभर? ते 'असंच' काय होतं?"

"मी होते."

"तू?"

"मी त्यांच्याकडे गाडी शिकतेय. काल संध्याकाळी शिकवणी होती, तुमचा हा दंड मागच्या सीटवर. वळणावर लोळायला लागला, तर मी गाडी थांबवून उशी लावली त्याला. मग अंधार पडला, म्हणून ते मला आधी कोपऱ्यावर सोडून गेले. ग्राइंडरवाला तोवर बंद झालेला, म्हणून दंड आज सकाळी घासून आणला. तुम्हाला सांगू नका असं मीच म्हटलं होतं."

"का पण?"

"तुम्हाला सांगितलं असतं, तर आधी माझे डोळे तपासून आणले असतेत. मग त्यांचं लायसन. मग त्यांच्या गाडीचे ब्रेक. शिकायला मी उरले असते का?"

तपासनिसांना राग यायला हवा होता. तसा त्यांनी प्रयत्नही केला. पण इतक्या वर्षांत आपल्याच घरातली एवढी मोठी नोंद आपल्या नजरेतून सुटली, या धक्क्यात रागाला जागाच उरली नाही.

पुढच्या सुट्टीला साडू आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. क्रँकशाफ्ट तेलाच्या कागदात पडून होता. तो एकट्याने बसवता आला असता, नाही असं नाही, पण तपासनिसांनी पाना उचललाच नाही. फाटकापर्यंतच्या फेऱ्या मात्र चालू होत्या.

शेवटी ते स्वतःच ड्रायव्हिंग स्कूलवर गेले. साडू गाडीची काच पुसत होता.

"फुली घासली गेली," तपासनीस म्हणाले. "चूक माझी. तुमच्यावर आळ घेतला, तीही माझीच."

"आणि ताईंची शिकवणी?"

"शिकवा. मला विचारू नका, म्हणजे मी तपासणार नाही."

साडूने काच पुरती पुसून घेतली. "येतो. पण एक अट. शाफ्टवरचे बोल्ट मी आवळणार. माझ्यामागून तुम्ही पाना लावून बघायचं नाही. एकदाही नाही."

तपासनीस म्हणाले, "कबूल."

सुट्टीच्या सकाळी साडू आला. उलट्या ठेवलेल्या इंजिनात नवी बेअरिंगं बसली, त्यांवर तेल पडलं, शाफ्ट अलगद उतरला. वरची झाकणं बसवून साडूने एकेक बोल्ट आवळला. ठरलेल्या जोराला पाना 'टक्' करून थांबायचा. दर 'टक्'ला तपासनिसांच्या खांद्याला झटका बसत होता.

"हात धुऊन येतो," साडू म्हणाला आणि पाना बाकड्यावर, अगदी त्यांच्या उजव्या हाताशी ठेवून आत गेला.

शेडमध्ये तपासनीस एकटे. पाना समोर. शेवटचा बोल्ट आवळताना 'टक्' जरा लवकर आलं होतं का? एकदाच लावून बघितला तर कळणार कुणाला? बोटं पुढे सरकली आणि हवेतच थांबली. हा पाना इथे का ठेवला? एरवी तो भिंतीवरच्या खिळ्याला टांगतो. मुद्दामच ठेवला असणार. खिडकीतून बघत असणार. कदाचित दोघंही.

तपासनिसांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि छताकडे बघत उभे राहिले.

साडू परत आला. त्याची नजर आधी पान्याकडे गेली, मग तपासनिसांच्या पाठीमागच्या हातांकडे.

"चला," तो म्हणाला, "आता हाताने फिरवून बघा. अडकला तर माझं चुकलं."

तपासनिसांनी शाफ्टच्या टोकाला हात घातला आणि डोळे मिटून तो फिरवला. तो फिरला. कुठेही न अडकता, जड आणि गुळगुळीत, पूर्ण फेरा.

"चहा टाक गं," त्यांनी घरात हाक मारली. "भाऊजींना साखर जास्त."