मिस विजदानचा गार कहवा

मिस विजदान जॉर्डनमधल्या साल्ट गावी, आमच्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या. मी शेवटच्या वर्षाला होते. अम्मानला इंग्रजीची तोंडी परीक्षा होती; ती पास झाले तर इंग्लंडला रसायनशास्त्र शिकायला मिळणार होतं. पण बाबा एवढंच म्हणाले होते, "इंग्लंड लांब आहे, रुदैना." आणि आपल्या बियाण्यांच्या दुकानाचं दार ओढून घ्यावं तसा त्यांनी तो विषय बंद केला होता.

मिसनी तयारी सोडली नाही. शाळा सुटल्यावर आम्ही दोघीच वर्गात बसायचो. माझी चूक ठरलेली.

"कुड यू टेल मी, व्हेअर इज द लॅबोरेटरी?"

"परत तेच! सरळ विचारताना 'इज' पुढे घुसतं, घुसू दे. पण 'सांगाल का' म्हणून तू दार वाजवलंस ना? मग आत येताना धक्काबुक्की कशाला? आधी लॅबोरेटरी, मागून इज."

मला पटायचं, जिभेला पटायचं नाही.

"घरी विचारलंस?" एके दिवशी त्यांनी विचारलं.

"बाबांचा चेहरा बघितला की प्रश्न गिळला जातो, मिस."

"मग मीच येते."

शुक्रवारी दुपारी त्या आल्या. सोबत त्यांचे थोरले भाऊ अदीब होते. विधुर, मिशांना कलप लावलेले. आईने वेलचीचा कहवा, आमची बिनसाखरेची कॉफी, आणून ठेवला. मिसनी कपाला हात लावला नाही. बहीण पीत नाही म्हणून अदीबही थांबले.

बाबांची नजर एका कपावरून दुसऱ्यावर गेली. मुलीला मागणी घालायला आलेला पाहुणा होकार मिळेपर्यंत कहव्याला शिवत नाही, ही आमच्याकडची रीत. बाबांचे कान लाल झाले.

"मिस, तुमचे भाऊ आम्हाला मानाचे. पण पोर अठराची आहे हो! आणि हे तर माझ्याहून थोरले."

अदीब ताडकन उठून बाबांना म्हणाले, "अबू गालिब, अल्लाची शपथ, मी नुसती गाडी चालवत आलोय!"

पडद्याआड आईला हसू आवरेना.

"मग मागणी आहे कसली?" बाबा म्हणाले.

"रुदैना कोणत्या वारी अम्मानला परीक्षेला जातेय, तेवढं सांगाल का?" मिस शांतपणे म्हणाल्या. "म्हणजे मला रजा टाकता येईल. सोबत मी जाईन."

जाऊ देणार का, हे त्यांनी विचारलंच नाही.

बाबा कपांकडे बघत राहिले. वाफ विरून गेली होती. पडद्यामागून आई म्हणाली, "त्या मिशांपेक्षा परीक्षा परवडली!"

बाबा हसले नाहीत. "परीक्षा मंगळवारी आहे ना?" ते म्हणाले. वार त्यांना माहीत होता तर. "मंगळवारीच जाईल. कहवा घ्या, मिस. गार झाला."

मिसनी तो कडू, गार कहवा एका घोटात संपवला आणि कप पालथा घातला.

परीक्षा पास होऊन मी इंग्लंडला गेले. लीड्समधल्या पहिल्या सकाळी मी एका सफाईवाल्या बाईंना वाट विचारली. 'इज' आपसूक मागून आलं. ते ऐकायला मिस जवळ नव्हत्या.

पुढे दर ईदला मिस घरी यायच्या. पहिला कप बाबा स्वतः त्यांच्या हातात द्यायचे. त्या लगेच ओठाला लावायच्या, आणि बाबा सुटकेचा श्वास टाकून म्हणायचे, "चला, आज काही मागायचं नाहीये!"