जुन्या प्रती कशाला हव्यात?

सतत हसणाऱ्या माणसांवर माझा विश्वास नाही. त्यात ती हसत हसत म्हणाली, "जुन्या प्रती कशाला ठेवायच्या?" तेव्हा माझे कान टवकारले.

आमचं ऑफिस यंत्रांच्या माहितीपुस्तिका तयार करतं. यंत्र कसं चालवायचं, कुठे हात घालायचा नाही, हे लिहिणारा मी. सगळ्या पुस्तिका आजवर एका सर्व्हरवर पडलेल्या. प्रत्येकीचं फोल्डर, आणि त्यात 'अंतिम', 'नवीन अंतिम', 'आता खरंच अंतिम' अशी वंशावळ. गबाळं होतं, पण हरवत काही नव्हतं. साहेबांना अचानक ते सगळं डेटाबेसमध्ये हवं झालं. त्यासाठी बाहेरून एक बाई आणली. मनातल्या मनात मी तिचं नाव ठेवलं, हसरी.

हसरीने फळ्यावर चौकोन काढले. "अखंड पुस्तिका साठवायची नाही. तुकडे करायचे. धोक्याची सूचना एकदाच ठेवायची. इथे बदलली की सगळ्या पुस्तिकांत आपोआप बदलेल."

"आणि आधी काय होतं, ते कुठे दिसेल?"

"नाही दिसणार. फक्त ताजं राहील. जुन्या फाइली गुरुवारी पुसायच्या."

साहेब खिडकीबाहेर बघत होते. खिडकीबाहेर नुसती भिंत आहे.

माझ्या ताईचा नवरा प्रेस मशीनवर कामाला होता. साचा पुसताना मशीन खाली आलं आणि भाऊजींच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. कारखाना म्हणतो, 'पुसण्याआधी मेन स्विच बंद करा' असं पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय, हाच निष्काळजी. भाऊजी म्हणतात, त्या दिवशी ते वाक्य पुस्तिकेत नव्हतंच, नंतर घुसडलं. ती पुस्तिका आम्हीच त्या कारखान्यासाठी केलेली. वाक्य मी लिहिलं होतं. मग मधल्या काळात ते खाल्लं कोणी? पुढच्या आठवड्यात चौकशी अधिकारी आमच्याकडे अपघाताच्या दिवशीची प्रत मागणार होते. आणि साहेबांना पुसापुशी गुरुवारी हवी!

"अरे, मग कॉपी करून आण ना," ताई म्हणाली.

"म्हणजे म्हणतील, मेहुण्याने घरी बसून बनवली. ती तिथेच, तिच्या तारखेसकट सापडायला हवी. म्हणून मी ती उघडूनही बघितलेली नाही."

"मग तिथून हलू नकोस. हा माणूस डाव्या हाताने घास उचलायला शिकतोय, आणि हे म्हणे निष्काळजी!"

दुसऱ्या दिवशी पुन्हा बैठक. मी म्हणालो, "पुसायचं काम पुढच्या आठवड्यानंतर करू."

"गुरुवार म्हणजे गुरुवार," साहेब म्हणाले.

"घाई कसली? सर्व्हर काय पळून चाललाय?"

"हे बघा, तुमचं घरचं प्रकरण ऑफिसात आणू नका."

"घरचं मी काढलंच नव्हतं. तुम्ही काढलंत."

साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला. तो रिकामा होता. मी हसरीकडे वळलो. "आणि बाई, तुम्ही कोणाच्या सांगण्यावरून पुसताय?"

तिचं हसू पहिल्यांदाच मावळलं. "तुमच्याच."

"काय?"

"माझ्या आराखड्यात इतिहास होता. प्रत्येक बदल, तारीख, करणाऱ्याचं नाव. साहेब म्हणाले, लेखकालाच जुनं नकोय. मला वाटलं, तुम्हालाच काहीतरी झाकायचंय. म्हणून तर तुमच्याशी इतकी गोड बोलत होते."

"मी याबद्दल चकार शब्द काढलेला नाही."

"गैरसमज झाला असेल," साहेब म्हणाले. "ठेवा इतिहास. माझी कुठे हरकत आहे?"

इतक्या चटकन 'हो' म्हणणारा साहेब मी जन्मात पाहिलेला नाही. मी म्हणालो, "मग आत्ताच उघडा. अपघाताच्या दिवशीची प्रत."

हसरीने भिंतीवरच्या पडद्यावर ती उघडली. साचा पुसण्याची कृती होती. कापड कोणतं, तेल कोणतं, सगळं होतं. मेन स्विचचं वाक्य गायब. मग तिने अपघातानंतरची प्रत उघडली. वाक्य जागच्या जागी, जणू कधी हललंच नव्हतं. दोन्ही प्रतींवर बदल करणाऱ्याच्या जागी साहेबांचं नाव.

"गिऱ्हाईकानंच सांगितलं होतं," साहेब पुटपुटले. "म्हणे, कामगार दर वेळी मशीन बंद करत बसतात, माल कमी निघतो."

"आणि परत घालायलाही त्यानंच सांगितलं?"

साहेबांनी टेबलावरचा फोन उचलला.

"हेच अधिकाऱ्यासमोर बोला," मी म्हणालो. साहेब फोन कानाला लावत बाहेर गेले. कोणाला लावला, ते मला सांगायची गरज नाही.

हसरी म्हणाली, "तुम्ही जा घरी. सगळ्या जुन्या प्रती तारखांसकट हलवते मी."

"नाही. मी इथेच बसतो."

"अजून विश्वास नाही?"

"नाही."

तिने एक खुर्ची पायाने माझ्याकडे सरकवली. "बसा. पण कीबोर्डला हात लावायचा नाही. माझाही तुमच्यावर नाहीये."