चुका न काढणारं घर

“आमच्याकडची बाई तर जेवतानासुद्धा सोडत नाही. घास तोंडात, आणि ही म्हणते, पुन्हा बोल, नीट बोल. हिचं बरंय बाई. हिला मावशी मिळाल्यात.”

गाडीच्या मागच्या सीटवरून ही कुरकुर आली, तेव्हा ताई पुढे ड्रायव्हरशेजारी बसून गुडघ्याला मलम चोळत होत्या.

“का, मावशी काहीच म्हणत नाहीत?”

“काही म्हणजे काही नाही,” वेणीवाली म्हणाली. अख्ख्या गटात लांब वेणीची ती एकटीच, म्हणून सगळे तिला वेणीवालीच म्हणत. “मी बोलते, त्या ऐकतात. काल मी त्यांना आमच्या बिल्डिंगमधली सगळी भांडणं सांगितली. एकदासुद्धा टोकलं नाही. इतकं छान कुणी ऐकतच नाही गं माझं. घरी तोंड उघडलं की आई म्हणते, मुद्द्याचं बोल.”

ताईंचा हात गुडघ्यावर थांबला. मग त्यांनी ट्यूबचं झाकण लावलं, जरा जास्तच घट्ट.

गाडीत बसलं की आपली भाषा बंद, इथलीच बोलायची, हा नियम ताईंनीच केलेला. मागे वळून नुसते डोळे मोठे केले असते तरी पोरी गप्प झाल्या असत्या. पण वळायचं म्हणजे मान वळवायची, मान वळवली की पाठ धरते, आणि डोळे मोठे करायचेही आता कष्ट होते. ताई खिडकीबाहेर बघत राहिल्या. पोरी आपल्या भाषेत बोलत राहिल्या.

मुलामुलींना घेऊन ताई परदेशी जायला लागल्या, तेव्हा त्यांच्या केसांत मेंदी नव्हती. काम साधंच. कॉलेजातली मुलं गोळा करायची, विमानात घालायची, इथं आणून एकेका घरात एकेक सोडायचं, आणि दोन-अडीच महिन्यांनी, तोंडात नवी भाषा घातलेली, आईबापांना परत करायची. मधल्या काळात कुणाचा पासपोर्ट हरवतो, कुणाचं प्रेम जमतं, कुणाचं मोडतं, कुणाच्या आईला स्वप्न पडतं आणि ती फोन करते. हे सगळं ताईंनी इतक्यांदा केलं होतं की आता कुणी रडत आलं तर त्या आधी पाण्याचा ग्लास भरत आणि मग विचारत, काय झालं.

निघण्याआधी पालकांची सभा असे. तिथं पहिला प्रश्न ठरलेला. मुलांबरोबर जाणारे हे कोण, यांची पार्श्वभूमी काय? माहितीपत्रकात मास्तरच्या फोटोखाली भरगच्च मजकूर होता. मास्तर म्हणजे ताईंचा कामातला जोडीदार, वयाने बराच लहान. वडील बोटीवर, बालपण निरनिराळ्या देशांत, प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र, डोंगर चढण्याचा अनुभव. ताईंच्या फोटोखाली मात्र थोडकंच. ‘ही भाषा त्या पुस्तकातून नव्हे, एका घरात राहून शिकल्या. ते घर आजही त्यांचं दुसरं घर आहे.’

“मी मरमरून डोंगर चढलो,” मास्तर म्हणायचा, “आणि पालक फिदा कशावर, तर तुमच्या स्वयंपाकघरावर.”

स्वयंपाकघर मावशींचं. ताई विशीच्याही आत असताना तिथं पेइंग गेस्ट म्हणून येऊन पडल्या होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी जे काही उच्चारलं, ते ऐकून मावशी भिंतीला टेकून हसल्या होत्या आणि त्यांचं नाव ‘बोबडी’ ठेवून मोकळ्या झाल्या होत्या. वाक्य नीट होईपर्यंत मावशी ताट हातात धरून बसत. पुन्हा म्हण. पुन्हा. असं नाही, पुन्हा. ताई चिडत, रडत, उपाशी झोपायची धमकी देत. मावशी म्हणत, झोप, पण झोपते हे तरी धड सांग. पालकांना ही गोष्ट सांगून सांगून इतकी गुळगुळीत झाली होती की सभेत कुठं हसू येणार आणि कुठली आई पदराने डोळे टिपणार, हे ताईंना पाठ होतं.

गाडी भाषेच्या शाळेपाशी थांबली. मुलं वर्गात गेली. शाळेच्या बाईंनी ताईंना आणि मास्तरला आपल्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. दार लावलं म्हणजे बातमी चांगली नाही, हे दोघांनाही कळलं.

“तुमची वेणीवाली तोंडी परीक्षेत धो धो बोलली,” बाई म्हणाल्या. “आत्मविश्वास म्हणाल तर माझ्यापेक्षा जास्त. पण वाक्य एक धड नाही. गेल्या वर्षी त्या घरात जी होती, तिचं हेच. त्याच्या आधीचीचंही हेच.”

“मुलगी बडबडी आहे,” ताई म्हणाल्या.

“मुली दरवर्षी नव्या येतात, ताई. घर तेच आहे.”

घराचं काय, ते ताईंनी विचारलं नाही. मास्तरने टेबलावरची टाचणी उचलली आणि तिचं टोक तपासायला घेतलं.

“दुसरं घर मी बघून ठेवलंय,” बाई शेवटी म्हणाल्या. “उद्या सकाळी मुलीला हलवू. यापुढे त्या घरी कुणाला ठेवायचं नाही. मावशींना काय सांगायचं ते तुम्ही बघा. तुमचं जुनं नातं आहे.”

नातं जुनं असलं की नकोशी कामं पत्ता शोधत बरोबर आपल्या दारी येतात.

बाहेर आल्यावर मास्तरने विचारलं, “काय सांगणार?”

“शाळेपासून घर लांब पडतं म्हणते. बस बदलावी लागते.”

“ती तर पहिल्यापासून बदलावी लागतेय.”

“मग तू चल. तू सांग.”

मास्तरने डोकं खाजवलं. “मी मुलांच्या जेवणाचं बघतो,” तो म्हणाला, आणि मुलांच्या जेवणाला अजून अवकाश असतानाही लगबगीने निघून गेला.

ताई पायीच निघाल्या. गुडघा नको म्हणत होता, पण बसने गेलं तर लवकर पोचलं असतं.

हे त्यांना काही आज कळलं नव्हतं. मावशींच्या टीव्हीचा आवाज जिन्यात यायला लागला, त्याला बरीच वर्षं झाली होती. बेल दाबून दाबून बोट दुखे आणि शेवटी समोरची शेजारीण बाहेर येऊन स्वतःजवळच्या किल्लीने दार उघडून देई. “बेलचा सेल गेला असेल,” ती म्हणे. मावशींचा मुलगा म्हणे, आई हल्ली तंद्रीत असते. त्यानेच कधीतरी कानाचं यंत्र आणून दिलं होतं. ते चष्म्याच्या डबीत निवांत पडलेलं ताईंनी पाहिलं होतं, आणि डबी पुन्हा बंद करून ठेवली होती. ताईंचं म्हणणं असं की वयानुसार माणूस कमी बोलतं, आणि दुसऱ्याचं उणंदुणं काढायचं सोडतं. चुकासुद्धा. हे त्यांनी स्वतःला दरवर्षी पटवलं होतं आणि दरवर्षी एक मुलगी त्या घरात नेऊन सोडली होती. मुलीही परत आल्यावर सांगत, सगळ्यात प्रेमळ घर आमचं.

आणखी एक गोष्ट होती. निघण्याआधी ऑफिसात ताई सांगून आल्या होत्या, की हा गट शेवटचा. पुढल्या वर्षापासून मास्तरला पाठवा. माझ्याने आता होत नाही. ऑफिसने थोडा आग्रह केला, तोंडदेखला, आणि फुलांचा गुच्छ दिला. मावशींना हे सांगायचं राहिलं होतं. सांगू निरोपाच्या वेळी, असं ठरवून ताईंनी ते पुढे ढकललं होतं.

दार मुलाने उघडलं. पन्नाशीला आलेला, पोट सुटलेला हा माणूस ताईंना अजून गुडघ्याला खरचटलेलाच आठवायचा. तो घरी होता हे बरं झालं की वाईट, ते ताईंना ठरवता येईना.

मावशी खिडकीशी बसून वेणीवालीच्या दप्तराचा तुटलेला बंद शिवत होत्या. ताईंची सावली मांडीवर पडली तेव्हा त्यांनी मान वर केली आणि चेहरा उजळला.

“बोबडे. आलीस? बस. वाळलीस की गं.”

“वाळते कुठली, मावशी. सुजलेय.”

“हो ना,” मावशी हसून म्हणाल्या, “यंदा ऊन फारच आहे.”

मुलाने चहाच्या कपात पाहिलं. ताई खुर्चीवर टेकल्या. पर्स मांडीवर घेतली, तिचा बंद मनगटाभोवती गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. खोली होती तशीच होती. पलीकडच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं, आणि पलंगावर वेणीवालीचे कपडे असे पसरले होते, जसे फक्त आपल्या घरात पसरतात.

“मावशी,” ताई पर्सच्या चेनकडे बघत म्हणाल्या, “तुमच्या मुलीला शाळा फार लांब पडते. बस बदलायची, वेळ जातो. तेव्हा शाळेच्या बाई म्हणतायत की उद्या तिला दुसरीकडे हलवू. आणि यापुढे मुली जवळच्याच घरांत ठेवायच्या असं ठरतंय. तुमचा काही दोष नाही यात.”

एका दमात म्हणून झालं. वाक्य अगदी शुद्ध होतं.

“हो, हो,” मावशी मान डोलावत म्हणाल्या. “छान झालं. बरं केलंस.”

ताईंच्या खांद्यांवरून काहीतरी खाली उतरलं. इतकं सोपं होतं तर उगाच पायी आले. त्यांनी मुलाकडे पाहिलं. मुलगा कपाची नक्षी पाहत होता.

“तिला सांग,” मावशी पुढे म्हणाल्या, “पडदे मी रविवारी लावते. निळे हवेत तिला, मला खुणेनं दाखवलंन. आणि पलंगाची गादी मऊ पडते का विचार. लाजते ती सांगायला.”

समोरच्या घरात कुणीतरी भांडी घासत होतं, त्याचा आवाज तिघांपैकी दोघांना येत होता.

“आई,” मुलगा म्हणाला, “ताई जरा वेगळं सांगतायत.” पण तेही त्याने कपालाच सांगितलं.

ताई उठल्या. उठताना गुडघा कटकन वाजला. सांगून तर झालं, त्यांच्या मनात आलं. सांगितलं नाही असं काही कुणी म्हणू शकणार नाही. उद्या मास्तर येऊन सामान घेऊन जाईल, तेव्हा जे व्हायचं ते होईल, आणि तेव्हा आपण विमानतळाच्या कामात असू, किंवा दवाखान्यात, किंवा कुठंही. अशी कामं नेहमी असतात. त्यांनी पर्स खांद्याला लावली.

“येते मावशी.”

मावशींनी हात पुढे करून त्यांचं मनगट धरलं. पकड अजून ताट धरून बसणाऱ्या बाईचीच होती.

“अरे,” त्या मुलाला म्हणाल्या, “दोरा संपत आलाय. जरा खालच्या दुकानातून काळा दोरा आण.”

रीळ अर्धंअधिक शिल्लक होतं, ते मुलालाही दिसत होतं. पण त्याने चपला अशा घाईने सरकवल्या की एक उलटी पडली आणि तो ती तशीच ओढत जिन्याशी गेला.

“आता बस,” मावशी म्हणाल्या. “पुन्हा सांग. पण या खेपेला माझ्याकडे बघून सांग.”

ताई बसल्या. त्यांनी मावशींकडे पाहिलं. मावशी त्यांच्या डोळ्यांकडे पाहत नव्हत्या. ओठांकडे पाहत होत्या, परीक्षेला बसलेल्या मुलीसारख्या, सगळा जीव तिथं आणून.

“शाळा,” ताई म्हणाल्या, “लांब…”

पुढचं येईना. आवाज फुटला की नाही हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही, आणि इथं त्याने काही फरक पडत नव्हता.

“काहीतरी न्यायला आलीयस, एवढं समजलंय मला,” मावशी म्हणाल्या. “आल्यापासून पर्स सोडली नाहीस. डॉक्टर वाईट सांगायला येतो ना, तशी बसलीयस. आणि हा दिवटा कपात तोंड घालून.”

ताईंनी पर्स खाली ठेवली.

“मला ऐकू येत नाही, बोबडे.” मावशींनी हे दप्तराचा बंद ओढून बघत म्हटलं, शिवण टिकतेय का ते पाहत. “थोडं नाही, काहीच नाही. ते यंत्र लावलं की डोक्यात भांडी पडतात नुसती. ती पोर रोज काय बोलते देव जाणे. मी तोंड बघत बसते तिचं. फार छान दिसते बोलताना.”

“मग सांगायचं नाही का, मावशी?” ताईंचा स्वर चढला, जणू चढवल्याने पोचणार होता. “इतकी वर्षं येतेय मी. मला तरी सांगायचं.”

ते मावशींना ओठांवरून कळलं असावं, किंवा हेच विचारलं जाईल हे त्यांना फार आधीपासून ठाऊक असावं. त्यांनी दोरा दाताने तोडला. सुई उशीत खोचली.

“सांगितलं असतं तर मुली यायच्या थांबल्या असत्या,” त्या म्हणाल्या. “त्याचं काही नाही गं. मुली येतात, रडतात, गळ्यात पडतात, जातात. पण मुलीच थांबल्या असत्या, तर तू कशाला आली असतीस?”