लॉकचा उंबरा

"पोर बांधतेयस की गोणी?" सबाइनाने काठावरून विचारलं.

लेटिसने फीबीच्या कमरेचा पट्टा बोटीच्या धुराड्याला आणखी एक वेढा देऊन आवळला आणि वर दुसरी गाठ मारली. या कालव्यावर सगळ्यांचीच लहान पोरं अशी केबिनच्या टपावर बांधलेली असत. पण एका ओढीत सुटेल अशा गाठीने. लेटिस शेतावर वाढलेली. एनॉकशी लग्न करून बोटीवर आली, पोर झालं, तरी पाण्याकडे बघायचं ती टाळायची.

"पडायला नको हो, आई."

"काठावरची ती काठावरचीच!" सासू मुलाला म्हणाली, सुनेला ऐकू जाईल अशा बेताने. "उद्या घोड्यालाही बांधेल, बुडू नये म्हणून."

"मला नाही ना बांधलं अजून," बोट ओढणारा घोडा सोडता सोडता एनॉक हसला.

कोळशाने भरलेली लांबट बोट लॉकमध्ये, बोटी खालच्या पातळीवर उतरवायच्या दोन दरवाजांच्या दगडी हौदात, शिरली. सबाइनाने मागचा दरवाजा लावला. पुढच्या दरवाजाशी एनॉकने लोखंडी दांडा फिरवून झडपा उघडल्या, आणि पाण्याबरोबर बोट खाली जाऊ लागली. शेवाळलेल्या भिंती दोन्हीकडून उंच होत गेल्या. लेटिसला थडग्यात उतरल्यासारखं वाटायचं. सुकाणू धरणारीचं, म्हणजे तिचं, इथे एकच काम, बोट पुढे ठेवायची. मागच्या दरवाजाखाली, पाण्यात, दगडी उंबरा असतो. त्याच्यावर बोटीचं बूड टेकलं की खेळ आटोपला.

केबिनमधून करपल्याचा वास आला. दूध! सकाळपासून फीबीने काही खाल्लं नव्हतं आणि बोटीवर दूध तेवढंच.

"आले हं, सोने."

सुकाणू सोडून ती वाकून आत गेली, भांडं उचललं, आणि पायाखाली करकरलं.

केबिन कलली. भिंतीवरच्या जाळीदार काठाच्या बशा, सासूच्या लग्नातल्या, एकामागून एक खाली आल्या. दूध हातावर सांडलं. भाजल्याचं तिला कळलंही नाही. ती बाहेर धडपडली तेव्हा बोटीचं मागचं टोक उंबऱ्यावर बसलेलं होतं आणि पुढचं टोक पाण्याबरोबर खाली खाली चाललं होतं. फीबी टपावरून घसरली होती, ताणलेल्या पट्ट्याला लोंबकळत होती. बोट निसटली तर तळाशी जाणार होती. आणि बोटीला बांधलेली पोर तिच्याबरोबर.

लेटिस टपावर झेपावली.

"आई!" फीबी किंचाळली.

ते सबाइनाने ऐकलं. "एनॉक, झडपा टाक! टाक रे मेल्या, टाक!"

झडपा धाडकन पडल्या. पाणी थांबलं. बोट तिरकी, कण्हत, लटकत राहिली.

लेटिस टपावर आडवी पडून गाठीशी झुंजत होती. चामडं ताणून दगडासारखं झालेलं. नख तुटलं. तिने दात लावले. स्वतःच्याच हाताने मारलेल्या गाठी!

"आई, सुटत नाहीये हो!"

"मग धरून ठेव तिला! हलू नकोस. मी पाणी सोडतेय." सबाइना मागच्या झडपेचा दांडा थोडा थोडा फिरवत होती. घाईने पाणी घुसलं तर बोट उलटणार. "हळू... हळू ये गं बये," ती पाण्याला विनवत होती.

लेटिसने पोरीला अंगाखाली घेतलं. पाणी भिंतीवर दगड दगड चढत होतं. मग बोटीने एक आचका दिला, डोलली, आणि सरळ झाली.

सबाइना शिडीने उतरली. पाव कापायच्या सुरीने तिने पट्टा कापला आणि नातीला कडेवर घेतलं.

"आई, तुमच्या बशा..."

"बघितल्या." तिने लेटिसचा भाजलेला हात उलटा करून पाहिला आणि आपला ओला रुमाल त्यावर गुंडाळला. "अजून इथून उतरायचंय. सुकाणू घेऊ मी?"

लेटिस सुकाणूपाशी गेली. "नको. मी घेते."

एरवी सबाइना काठावर गेली असती. कालव्यावर जन्मलेली बाई, पण लॉकमधून उतरताना काही ना काही कारण काढून ती काठावरच राहत असे, कधी बोटीत बसत नसे. आज ती फीबीला घेऊन टपावर बसून राहिली. एनॉकने मागची झडप बंद करून पुढच्या पुन्हा उघडल्या. लेटिसने सुकाणू गच्च धरून बोट पुढे, अगदी पुढे ठेवली.

भिंती वर जाऊ लागल्या. सबाइनाने नातीला छातीशी घट्ट धरलं आणि डोळे मिटून घेतले.